पाहिले, ठीक

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधीच करून घेते, कारण पुढे तुम्हाला बोलणी खायची आहेत.

तुम्हाला कामावरून घरी बसवलंय हे मला काल मामीकडून कळलं. घटना डिसेंबरातली. म्हणजे इतके दिवस तुम्ही मला एका अक्षरानं कळवलं नाहीत, आणि मागच्या महिन्यात मी फोन केला तेव्हा तुम्ही माझ्याशी वीस मिनिटं स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर बोललात. धन्य आहे तुमची.

मामीनं सांगितलं ते लिहिते. चुकलं तर दुरुस्त करा. पाण्याच्या केंद्रात क्लोरीन सोडायची खोली तुमच्या ताब्यात. किती सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवतो. त्या दुपारी चौपट गेलं. खालच्या वस्तीतल्या शाळेत मुलांचे घसे भाजले, एका मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं, ती आता घरी आली आहे. मग समिती बसली. सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस आला, त्यानं तुमच्या कॉम्प्युटरमधल्या तीनशेवर फायली मूळ फायलींशी ताडून पाहिल्या आणि म्हणाला, एकसुद्धा जुळत नाही, सगळ्यांत कुणीतरी हात घातलाय. पासवर्ड तुमचा, म्हणून हात तुमचा. दहा एप्रिलला तुम्ही समितीपुढे म्हणणं मांडायचं, नाहीतर बडतर्फ. वर पोलिसांकडे जाऊ अशी धमकी.

आता मुद्द्याचं. मी काय काम करते असं कुणी विचारलं की तुम्ही 'कॉम्प्युटरात काहीतरी' म्हणून विषय बदलता. आज नीट ऐकून घ्या. कुठल्याही फाईलमधलं अक्षर न् अक्षर एका गणितातून पिळून काढलं की शेवटी एक लांबलचक आकडा उरतो. तो त्या फाईलचा ठसा. फाईल तीच तर ठसा तोच, जगात कुणीही काढला तरी. आमच्या कार्यालयात माहितीतल्या सॉफ्टवेअर पॅकेजांमधल्या फायलींचे असे ठसे जमवून ठेवलेले आहेत. कुठलीही फाईल आणा, ठसा काढून यादीत शोधला की कळतं, ही अमुक कंपनीच्या अमुक पॅकेजमधली, अमुक आवृत्तीची. यादी सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे हे मी कार्यालयाचं काम संपल्यावर, माझ्या वेळात करणार आहे. माझ्या साहेबांना तसं सांगून ठेवलंय.

समितीनं तुम्हाला त्या कॉम्प्युटरची एक प्रत पेनड्राइव्हवर दिली आहे असं मामी म्हणाली. तो पेनड्राइव्ह कॉपी करून मला पाठवा. उघडू नका, बघू नका, नीटनेटकं करू नका. आहे तसं पाठवा. मग बघू कुणी हात घातलाय ते.

तुमची,
वकील


१२ फेब्रुवारी

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद. बोलणी पोचली, पचलीसुद्धा. लहानपणी भांडायचीस म्हणून तुझं नाव वकील ठेवलं ते उगाच नाही.

तुला कळवलं नाही कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. माणूस घरी बसतो, त्यात काय कळवायचं? तुझी मामी मला कपाटं आवरायला लावते. पुस्तकांचं कपाट झालं, औषधांचं झालं, काल तिनं मला दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावायला बसवलं. मी म्हटलं, मी पाण्याच्या केंद्राचा पर्यवेक्षक आहे. ती म्हणाली, होतात.

कंपनीचा तो माणूस तू पाहायला हवा होतास. टाय इतका घट्ट की मान वळवायची तर सगळं अंग वळवायचा. पंपाच्या खोलीत आला तेव्हा नाकाला रुमाल लावून. पंपाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत बसला, बटणं दाबली आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन मोकळा झाला.

तू मागितलेल्या फायली सोबत पाठवतो आहे. मी पडद्याचे फोटो काढले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या आकारात छापून आणले. फायलींची नावं स्वच्छ वाचता येतात. त्यावरून तुझं काम व्हावं. फोटो दुमडू नकोस, पैसे पडलेत.

बाकी ठीक. आमचा चिरंजीव, दादा, कामात असतो, सध्या इकडे येणं होत नाही त्याचं. नळ अजून गळतोच आहे.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

लिफाफा उघडला आणि डोक्याला हात लावून बसले. आमच्या कार्यालयाच्या तळघरात एसी इतका असतो की बारा महिने स्वेटर घालावा लागतो. तिथे तुमचे ते चकचकीत फोटो टेबलावर पसरले तर शेजारची बाई विचारायला लागली, लग्नाचे का?

फोटोला ठसा नसतो. म्हणजे असतो, पण तो फोटोचा. फाईलचा नव्हे. नुसत्या नावाला मी काय करू? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे माणसांपेक्षा फायलींना जास्त लागू पडतं. दादाला आजोबांचं नाव ठेवलं. म्हणून दादा आणि आजोबा एक झाले का? दवाखान्यात दादाचं रक्त तपासायचं तर आजोबांचं तपासून चालेल का? एकाच नावाच्या दोन फायली आतून पार वेगळ्या असू शकतात, आणि वेगळ्या नावाच्या दोन आतून एकच. आम्ही नाव बघतच नाही.

तेव्हा फाईल पाठवा. फाईल. पेनड्राइव्ह लावायचा, सगळं निवडायचं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकायचं, पाकिटात घालायचं. जमत नसेल तर दादाला बोलवा. तो तर अशीच यंत्रं बसवत, त्यांची देखभाल करत गावोगाव फिरतो, दोन मिनिटांचं काम आहे त्याला. एवढा कसला कामात असतो हो तो, की बापाची नोकरी जायची वेळ आली तरी त्याला सवड नाही?

वकील


२ मार्च

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद. चिडतेस फार. तुझी आईही अशीच, लहानपणी शेंगा सोलतानासुद्धा भांडायची.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यावर तीन फायली टाकल्या आहेत. सगळ्या टाकायच्या म्हणजे माझे डोळे दुखतात, आणि तीनवरून तुला अंदाज येईलच. शितावरून भाताची परीक्षा. तुझ्याकडे जगभरच्या फायली येतात असं तू म्हणतेस, त्यात माझ्या गहाळ व्हायला नकोत, म्हणून प्रत्येक फाईल उघडून वरच्या बाजूला 'चि. वकीलसाहेबांस तपासणीसाठी सादर' असं टाइप केलं आहे.

दादाला मध्ये घ्यायचं कारण नाही. त्याला त्याचे व्याप आहेत. लहान मुलगी आहे, तिचं शाळेचं वय. त्याच्याकडे या विषयावर तू काही बोलू नकोस, उगाच त्याच्या डोक्याला ताप.

आणि एक सांगतो. या वयात एवढा आटापिटा करण्यात फार अर्थ नसतो. नोकरीची थोडीच वर्षं उरलीत. गेली तर गेली.

मामा


८ मार्च

मामा,

माझ्या पहिल्या पत्रात 'उघडू नका' हे शब्द होते की नव्हते? मला तर आठवतंय, मी लिहिताना पेन दाबून लिहिलं होतं. कागदाला मागून हात लावून बघा, उमटलेलं लागेल.

फाईलमध्ये एक ठिपका वाढला तरी सगळा ठसा बदलतो. थोडासा नाही, पार बदलतो, ओळख लागत नाही. आणि तुम्ही तर अख्खं वाक्य घातलंत, वर 'सादर'. इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही, प्रत्येक शीत वेगळं चाखावं लागतं.

तरी म्हटलं, प्रयत्न करू. तुमचं ते 'सादर' मी खोडलं, पुन्हा ठसे काढले. नाही जुळले. मग फायली शेवटपर्यंत वाचत गेले, तर तिन्हींच्या तळाशी आणखी एक ओळ. 'पाहिले. ठीक.' आणि पुढे तारीख, दोन वर्षांपूर्वीची, आणि तुमच्या नावाची आद्याक्षरं. आता हे काय आहे? हेही तुम्ही माझ्यासाठी सजवून पाठवलंत का? की समितीच्या प्रतीतच आहे? सरळ उत्तर द्या, नळाबद्दल लिहू नका.

'गेली तर गेली' हे मी वाचलं नाही असं समजते. सगळा गाव म्हणेल की ह्यांनी पोरांना विष पाजलं, आणि तुम्ही रिळं लावत बसणार? मला हे सहन होत नाही. तुम्ही नाही केलंय, मामा. ज्या माणसानं माझ्या लग्नात मांडवातलं पाणी स्वतः चाखून मग पाहुण्यांना दिलं, त्यानं नाही केलंय.

वकील


१५ मार्च

चि. वकीलसाहेब,

माझ्या कामाला सजावट म्हणायचं कारण नाही. ती ओळ मीच लिहिली आहे, आणि तुझ्यासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी नवा पंप बसला, त्याबरोबर नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा लिहिली आहे.

आमच्या केंद्रात रीत आहे, आणि ती माझ्याही आधीपासूनची आहे. जे तपासलं त्यावर तपासणाऱ्यानं 'पाहिले, ठीक' लिहून खाली आपली अक्षरं टाकायची. झडपेवर खडूनं, मीटरच्या डब्यात चिठ्ठीनं. सही नसलेली झडप म्हणजे न तपासलेली झडप, मग ती कितीही नवी असो. सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी साहेबांना विचारलं, हे कुणी तपासायचं? ते म्हणाले, हे तपासायचं नसतं. म्हटलं, पाण्यात काय जाणार ते जे ठरवतं ते तपासायचं नाही? मग रोज थोड्याथोड्या करत सगळ्या फायली मी वाचल्या. सगळ्या साध्या मजकुराच्याच होत्या. वाचून झाली की तळाला ओळ. ओळीआधी ठरलेलं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देतं, एवढं मला कळतं. माझ्या ओळीनं एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नाही.

हे समितीला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

उरलेल्या फायली पाठवायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. तुझा जीव का कष्टात घालायचा? झालं एवढं पुष्कळ झालं. मुलांना सांभाळ, जावयांना आशीर्वाद सांग.

मामा


१९ मार्च

मामा,

तुम्हाला ओरडू की मिठी मारू हे कळत नाहीये, म्हणून आधी ओरडते. आपल्याला गुन्हेगार ठरवणारी गोष्ट काय आहे हे ज्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तो 'विचारलं नाही' म्हणून गप्प बसला. अहो, म्हणूनच एकही फाईल जुळली नाही. त्या टायवाल्यानं ठसे काढले, तीनशे ठसे वेगळे निघाले, तो घाबरला आणि तुमच्या नावानं शिक्का मारून गेला. एक फाईल उघडून वाचली असती तर त्याला खालची ओळ दिसली असती.

आता मिठी. तुमचं पत्र वाचल्या वाचल्या त्या तीन फायलींमधून तुमची ओळ काढली. तिन्ही जुळल्या. कंपनीच्या मूळ पॅकेजशी, अक्षर न् अक्षर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं एसीनं सर्दी झाली.

म्हणून उरलेल्या सगळ्या हव्यात. आता थांबायचं नाही. तुमचं 'मी ठरवलं आहे' तुमच्याजवळ ठेवा.

वकील


२४ मार्च

ताई,

मी मामी. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा हसू नकोस. तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणे काही नाही. मग आंघोळीला गेले तेव्हा मी खिशातून काढून वाचलं. वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे सुटायची वाट समोर आहे आणि हा माणूस दाराला पाठ लावून उभा.

पेनड्राइव्ह ह्यांनी शिवणयंत्राच्या खणात रिळांच्या खाली लपवला होता. माझ्या शिवणयंत्राच्या. इतकी वर्षं संसार केला तरी ह्यांना वाटतं की मी तिथे बघणार नाही. सोबत तोच पाठवते आहे, कॉपीबिपी मला येत नाही. उघडलेला नाही, मला उघडताच येत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही. कळलं की बघून घेईन.

तुला म्हणून सांगते. त्या दिवसापासून दादा घरी आलेला नाही. आधी आठवड्याला यायचा. बापलेकांचं काहीतरी बिनसलंय. ह्यांना विचारलं तर म्हणतात स्कूटरवरून वाद झाला. स्कूटर विकून तीन वर्षं झाली. दादाला फोन केला तर म्हणाला, बाबांनीच येऊ नको म्हणून सांगितलंय, त्यांना विचार. बापाची नोकरी जाते आहे आणि हे दोघे शाळेतल्या पोरांसारखे कट्टी घेऊन बसलेत. मी कुणाकुणापुढे डोकं आपटू?

तुझी,
मामी


२८ मार्च

मामा,

मामीला बोलू नका. बोललात तर मी तिकडे येईन.

सगळ्या फायली पाहिल्या. प्रत्येकीतली तुमची ओळ काढली, ठसा काढला, यादीत शोधला. सगळ्या जुळल्या, एक सोडून. आणि ती एक कुठली, तर पंपानं किती वेळ क्लोरीन सोडायचं ते ठरवणारी. गंमत ऐका. तिच्या तळाशी तुमची ओळच नाही. बाकी प्रत्येक फाईलवर तुमचं 'पाहिले, ठीक' आहे, फक्त हिच्यावर नाही. म्हणजे तुम्ही तपासलेली फाईल काढून तिथे कुणीतरी नंतर ही आणून टाकली. तुमची ती खुळी रीत नसती तर हे सिद्ध करता आलं नसतं.

पुढचं त्याहून सरस आहे. हिचा ठसा नव्या पॅकेजमध्ये नाही, पण आमच्या यादीत आहे. ती त्याच कंपनीच्या जुन्या पॅकेजमधली आहे, तुमच्याकडे पूर्वी होता तसल्या लहान पंपासाठीची. नाव तेच, जागा तीच. लहान पंपाला जेवढा वेळ चालावं लागायचं तेवढा वेळ तिनं मोठा पंप चालवला. चौपट का गेलं ते एवढंच आहे. कुणी कट केला नाही. कुणीतरी जुनी फाईल नवी समजून टाकली.

मी साध्या भाषेत दोन पानांचं टिपण लिहून सोबत जोडलं आहे. समितीला द्या आणि म्हणा, माझ्या भाचीवर विश्वास ठेवू नका, हव्या त्या माणसाकडून ठसे काढून घ्या. आकडा तोच येईल.

आता एवढंच शोधायचं की जुनं पॅकेज अजून कुणाकडे होतं. दादाला विचारा. ही यंत्रं त्याच्या कंपनीच्या देखभालीतली, कोण काय खिशात घेऊन फिरतं ते त्याला एका क्षणात सांगता येईल. स्कूटरचं भांडण नंतर भांडा.

आज आमच्याकडे मी स्वतःच्या हातानं सगळ्यांना गोड करून घातलं. तुम्ही सुटलात, मामा.

वकील


३१ मार्च

चि. हीस,

तू फार हुशार आहेस. मला ते आधीच ओळखायला हवं होतं.

ती फाईल दादानं टाकली.

त्या दुपारी पडदा अडकला होता. कंपनीला फोन केला तर म्हणाले, उद्या माणूस पाठवू. दादा त्याच भागात होता, मीच त्याला फोन करून बोलावलं, म्हटलं, जरा बघून जा. माझा पासवर्ड मीच घालून दिला आणि खाली झडपेकडे गेलो. वर आलो तेव्हा पडदा सुरू झाला होता, हा चहा पिऊन निघून गेला. शाळेचं कळल्यावर मी सगळ्यांत आधी त्या फायली उघडल्या. सही नसलेली एकच होती. समिती बसायच्या आधीच मला कळलं होतं. त्याला फोन करून एवढंच सांगितलं की इकडे फिरकू नकोस आणि मला काही विचारू नकोस.

तुला काय पाठवायचं ते मला तुझ्या पहिल्या पत्रातच समजलं होतं. फोटो, तीनच फायली, वरचं ते 'सादर', सगळं समजून केलं. तू कंटाळून सोडून देशील असं वाटलं. मामाला जमत नाही असं तुला वाटलं, मी वाटू दिलं.

आता माझं ऐक. टिपण मी फाडलं आहे. तूही तुझी प्रत फाड. मी जायला आलेला माणूस, माझं नाव खराब झालं तर चार वर्षांत लोक विसरतील. त्याची उमेदीची सगळी वर्षं पुढे आहेत, पदरात पोर आहे. पोरांना विष पाजणारा म्हणून त्याला कोण कामावर ठेवेल? झाकली मूठ राहू दे. तुझ्याकडे आजवर मी काही मागितलं नाही.

मामा


२ एप्रिल

मामा,

दादाचा फोन लागत नाही, तुम्ही माझा उचलत नाही, म्हणून हे कुरिअरनं पाठवते आहे, उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. वाचून होताच मला फोन करायचा. पत्र लिहायचं नाही.

मी रात्रंदिवस तुमच्यासाठी जीव पाखडते आहे आणि तुम्ही मला फोटो छापून पाठवत होतात. याचा राग मी नंतर सावकाश काढणार आहे, मला त्यासाठी बरीच वर्षं लागतील. आज वेळ नाही.

मी प्रत फाडली तरी काय होणार? आकडा माझा नाही. उद्या दुसरं कुणी तोच ठसा काढील आणि त्यालाही तेच दिसेल.

पण मला झोप लागली नाही ती यामुळे नाही. तुम्ही फक्त तुमच्या पंपाचा विचार केलात. ती जुनी फाईल दादाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर होती ना? तो पेनड्राइव्ह आता कुठे आहे? डिसेंबरापासून तो गावोगाव जाऊन हेच नवे पंप बसवतो आहे. त्याला कुणी सांगितलंय का, की ती फाईल चुकीची आहे? तुम्ही नाही सांगितलंत. तुम्ही त्याला विचारूसुद्धा दिलं नाहीत.

मामा, त्याच्याकडे जा. वाचताक्षणी. तीन तारखेच्या दुपारपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मी माझ्या साहेबांकडून थेट कंपनीला कळवणार, दादाच्या नावासकट. मग आयुष्यभर माझं तोंड पाहू नका, चालेल मला.

भाची


१४ एप्रिल

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद. त्या दिवशी फोनवर मी 'थांबवलं' एवढंच म्हणून ठेवून दिला. त्याहून जास्त बोलणं जमत नव्हतं. उरलेलं आता लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी मामी समोर उभी होती. तिनं वाचायला मागितलं, मी दिलं. तिनं वाचलं, माझ्या अंगावर कोट फेकला आणि म्हणाली, चला.

दादानं दार उघडलं. मी दारातच विचारलं की तो पेनड्राइव्ह कुठे आहे. त्यानं खिशातून काढून दाखवला. मग मी त्याला सगळं सांगितलं, तुझं टिपण तोंडी सांगितलं. तो म्हणाला, टेकडीपलीकडच्या नव्या केंद्रात मागच्याच आठवड्यात मी याच्यावरून ती फाईल टाकली आहे, सोमवारी पंप सुरू होणार आहे. त्या केंद्राच्या पाण्यावर शाळा आहे, दवाखाना आहे. त्यानं चपला घालायच्या आधी फोन लावला. मग आम्ही दोघे तिथे गेलो, त्यानं स्वतः पंपाची वीज तोडली, आणि ही फाईल चुकीची आहे, पंप सुरू करू नका, असं तिथल्या माणसाला मी लिहून दिलं.

दहा तारखेला समितीपुढे तो स्वतः गेला. मी बोलावं असं समितीचं म्हणणं होतं, तो म्हणाला, आधी मी. आत त्यानं सगळं सांगितलं. तुझं टिपण मी आठवून नव्यानं लिहून दिलं, त्यांनी दुसऱ्या माणसाकडून ठसे काढून घेतले, आकडे तेच आले. तो टायवाला मान खाली घालून बसला होता. फायलींत हात घातल्याचा आरोप माझ्यावरून काढला. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? मी खरं ते सांगितलं. तेव्हा लपवल्याबद्दल माझी नोकरी गेली, आणि ती जायलाच हवी होती. दादाला कंपनीनं घरी बसवलं आहे, पोलिसांकडे द्यायचं की नाही ते अजून ठरायचं आहे. दवाखान्यात ठेवलेल्या त्या मुलीचे वडील आले होते. दादा त्यांच्याशी जाऊन बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी त्याला म्हटलं, मी तुला वाचवायला गेलो रे. तो म्हणाला, "बाबा, मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं की चूक तुमच्या हातून झाली आहे आणि तुम्हाला माझ्यासमोर यायची लाज वाटते आहे, म्हणून मी येत नव्हतो. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं. तुम्ही मला वाचवत होतात, की मी लपवणारच असं धरून चालला होतात?"

तू लहानपणापासून माझ्या प्रत्येक वाक्याला उलट उत्तर दिलंस, तेव्हा याचं काही सुचलं तर कळव. तो रविवारी येतो म्हणालाय.

मामा